बर्फात पडण्याची शिकवणी

सिंगापुरात तुम्ही काय करत होतात, असं कुणी मला विचारलं की माझ्याआधी माझे यजमान उत्तर देतात, "ही तिथे लोकांना मागून ढकलायची आणि मग पडायला शिकवायची." विचारणारा हसतो. मीही हसते, पण त्यात खोटं काहीच नाही. नव्वदच्या दशकात काही वर्षं मी हेच काम केलं, त्याचा पगार घेतला, आणि माझ्या हाताखालून गेलेली माणसं जगभरच्या बर्फात नीटनेटकी पडली, हे मला आजही अभिमानाने सांगता येतं. त्या वेळी मी स्वतः बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात.

आम्ही टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. यजमान तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात इंजिनियर होते. सकाळी अंधारात जायचे आणि संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन यायचे. लेक दिवसभर शाळेत जायला लागली आणि दुपार मला खायला उठू लागली. साताऱ्याला मी शाळेत सायन्स शिकवायची. माझ्या बी.एड.ला सिंगापुरात कुणी विचारत नव्हतं. एक दिवस शहरातल्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर, हिवाळी कपड्यांच्या दुकानाच्या काचेवर "मदतनीस हवी" असा कागद दिसला. मी आत गेले.

मालकीण मिसेस लिम, पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात कायम मोजपट्टी. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "थंडी माहीत आहे?"

"मी साताऱ्याची आहे. आमच्याकडे हिवाळ्यात थंडी पडते."

"बर्फ?"

"नाही."

"हरकत नाही लाह. गिऱ्हाइकांनाही माहीत नसतो." हा 'लाह' तिथे वाक्याच्या शेपटीला लागतो, आपल्या 'गं'-'रे'सारखा.

माझं आडनाव पटवर्धन आहे. ते त्यांना फार लांब वाटलं. नाव सुलभा, तेही त्यांनी निम्मं केलं. दुसऱ्या दिवसापासून मी "मिस सुला" झाले.

हा धंदा बाहेरच्याला विचित्र वाटतो. ज्या गावात बारा महिने पंखा बंद करता येत नाही तिथे लोकरीचे कोट कोण घेणार? पण सिंगापूरची माणसं सुट्टी लागली की थंडीच्या शोधात निघतात. कोरियाला, जपानला, स्वित्झर्लंडला. त्यांच्याकडे स्वेटरसुद्धा नसतो. म्हणून कोट, बूट, कानटोप्या भाड्याने द्यायच्या आणि हातमोजे-मोजे विकायचे. दुकानाचा एसी मिसेस लिमनी इतका वाढवून ठेवलेला असायचा की आत आलेला माणूस कुडकुडत आपोआप कोटाकडे हात न्यायचा. मी दिवसभर स्वेटर घालून बसायची आणि संध्याकाळी एमआरटीच्या लोकलमध्ये घामाघूम व्हायची. परत आलेल्या कोटांचे खिसे तपासणं हेही माझंच काम. हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या, केबल कारची तिकिटं, एकदा तर अर्धवट खाल्लेलं रताळं निघालं. माझा पहिला प्रवास असा दुसऱ्यांच्या खिशांतून झाला.

गिऱ्हाइकं विचारायची, बर्फ ओला असतो का? शून्य म्हणजे नक्की किती थंड? मी आतून कापडाचा एक थर, मग लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट, सुती बनियन अजिबात नको, मोज्यांचे दोन जोड घालू नका, रक्त अडतं, असं धडाधड सांगायची. शिकवायची सवय होती. समोरच्याला वाटायचं, बाईंनी निम्मं आयुष्य बर्फात काढलंय.

मग मिसेस लिमची मुलगी ॲडलिन कॅनडातून शिकून परत आली. शिकली होती हॉटेल मॅनेजमेंट, पण तिच्या बोलण्यात हॉटेल कधी आलं नाही. तिच्याबरोबर विमानातून एक लांब पिशवी आली आणि पाठोपाठ बोटीने खोकी आली. त्यांत स्नोबोर्ड होते.

आज हा खेळ टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलाय, तेव्हा तसं नव्हतं. स्की म्हणजे दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्ड ही एकच फळी. तिच्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी जखडायचे, आडवं उभं राहायचं आणि रिकाम्या हातांनी डोंगरावरून खाली यायचं. स्की करणारी मंडळी खानदानी समजली जायची आणि फळीवाली पोरं मवाली. त्या काळी कित्येक ठिकाणी फळी घेऊन डोंगरावर जायलाच बंदी होती. आमच्याकडून फळी घेतलेलं पहिलं जोडपं मधुचंद्राला जपानला गेलं. तिथे डोंगराच्या पायथ्याशी त्यांना हात जोडून, वाकून, अतिशय नम्रपणे परत पाठवण्यात आलं. ती फळी त्यांनी पुढे घरात भिंतीला ठोकली आणि तिच्यावर माशांची काचेची पेटी ठेवली. नवरा येऊन सांगून गेला की वजन उत्तम पेलते. तेव्हापासून फळी विकण्याआधी मी त्या ठिकाणी फॅक्स करून विचारायची, आमची माणसं तुम्हाला चालतील का?

मिसेस लिमना हा प्रकार पसंत नव्हता. "कोट सगळ्यांना लागतो," त्या म्हणायच्या. "ही फळी कुणाला लागते? वेड्यांना."

"मग वेड्यांसाठी एक कोपरा दे," ॲडलिन म्हणाली. आणि तिने तो घेतलाच.

फळी विकताना पहिला प्रश्न असतो, गिऱ्हाईक कुठला पाय पुढे ठेवणार? डावा पुढे असेल तर त्याला "रेग्युलर" म्हणतात, उजवा असेल तर "गूफी". त्याप्रमाणे पायाच्या पट्ट्या बसवायच्या. माणसाला विचारून उपयोग नसतो, तो विचार करून चुकीचं सांगतो. म्हणून गिऱ्हाईक बेसावध असताना त्याला मागून हलकेच ढकलायचं. सावरायला जो पाय पुढे येईल तो त्याचा खरा पाय. ॲडलिनने हे काम माझ्यावर सोपवलं, कारण माझ्यासारख्या चाळिशीकडे झुकलेल्या, कपाळावर टिकली लावलेल्या बाईकडून कुणाला धक्क्याची अपेक्षा नसते. मी बँकेतल्या माणसांना ढकललं, एका दाताच्या डॉक्टरला ढकललं. मिसेस लिम गल्ल्यामागून बघायच्या आणि मान फिरवायच्या.

दुसरी गोष्ट पडण्याची. नवशिका माणूस फळीवर उभा राहण्यापेक्षा पडतोच जास्त, आणि पडताना हात टेकतो. हा आपला जन्मजात स्वभाव. पाय फळीला बांधलेले असल्यामुळे सगळं वजन मनगटावर येतं आणि मनगट मोडतं. तेव्हा पुढे पडायचं तर मुठी मिटून, कोपरं वाकवून, हाताच्या पुढच्या भागावर पडायचं. मागे पडायचं तर आधी खाली बसायचं, हनुवटी छातीला चिकटवायची, हात पोटाशी धरायचे आणि गोल होऊन लोळायचं. हात मागे न्यायचा नाही म्हणजे नाही.

ॲडलिन सुंदर पडायची. पण कशी पडते हे तिला सांगता यायचं नाही. "असं, बघ," म्हणून ती पडायची आणि उठायची, आणि शिकणाऱ्याला वाटायचं, जादू पाहिली. मला मात्र पायरी पायरीने शिकावं लागलं होतं. घरी हॉलमध्ये गादी टाकून मी सराव करायची. एकदा यजमान यार्डातून लवकर आले. मी जमिनीवर होते.

"काय चाललंय?"

"पडतेय."

त्यांनी पायातले बूट काढले, माझ्याकडे पाहत बसले. त्यांच्या यार्डात त्याच महिन्यात सुरक्षा सप्ताह होता. कुणीही कुठेही पडू नये यासाठी भिंतीवर पाट्या लावायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "एका घरात दोन धोरणं," एवढंच ते म्हणाले आणि आंघोळीला गेले. खालच्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, तुमच्याकडे फर्निचर हलवताय का. लेकीने दारातूनच सांगितलं, "नो लाह आंटी, माय मदर फॉलिंग ओन्ली."

अशा रीतीने मी दुकानातली पडण्याची शिक्षिका झाले. मागच्या खोलीत दोन गाद्या होत्या. गिऱ्हाइकाला भाड्याचा जाडजूड कोट घालायचा, गादीवर उभं करायचं आणि पाडायचं. पुढे पुष्कळ वर्षांनी, नोकरी सुटल्यावर, मी स्वित्झर्लंडला सहलीत गेले तेव्हा खरा बर्फ पाहिला. गाइडने फोटोपुरता वेळ दिला होता. दोन पावलं टाकली आणि घसरले. पडले मात्र बिनचूक. सहलीतल्या एकालाही त्याचं महत्त्व कळलं नाही. सगळे "अरेरे" करत धावले.

आता मिस्टर चुआंबद्दल सांगते, कारण या नोकरीतून मला खरं काही मिळालं असेल तर ते त्या कुटुंबाची ओळख.

एका दुपारी ते आले. साठीच्या आसपासचे, सरकारी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री. त्यांनी आधी दुकानभर नजर फिरवली, मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मला एक स्नोबोर्ड हवा आहे. शिकवण्याची सोय आहे असं ऐकलं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ॲडलिन आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. ते फळ्या बघत असताना मी मागून गेले आणि ढकललं. ते हलले नाहीत. एकही पाय पुढे आला नाही. खांबासारखे उभे राहिले आणि सावकाश मागे वळून म्हणाले, "येस?"

मी माफी मागून कारण सांगितलं. त्यांनी परवानगी दिली, पुन्हा करा. आता तर त्यांना माहीत होतं, त्यामुळे ते आणखी ताठ झाले. मी जोर लावला, काही नाही. ॲडलिन माझ्या कानाशी पुटपुटली, "रेग्युलर नाही, गूफी नाही. हा सरकारी आहे."

शेवटी ते उद्या येतो म्हणून निघाले. दारात उंबऱ्याला ॲल्युमिनियमची उंच पट्टी होती. तिथे काहीतरी विचारायला वळले, अडखळले आणि उजवा पाय झटकन पुढे आला.

"मिस्टर चुआ, तुम्ही गूफी आहात," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ खुळा असाही होतो, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीर झाला. मी पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, फळी निवडली, आणि पावतीवर मात्र मिसेस लिमना "उजवा पाय पुढे" एवढंच लिहायला लावलं.

दर बुधवारी ते यायचे. इस्त्रीची घडी असलेली ट्रॅकपँट घालून. त्यांचे प्रश्न चोख असायचे. पडताना डोळे उघडे ठेवायचे का? श्वास आत घ्यायचा की सोडायचा? पण ते पडायचे नाहीत. गादीवर उभे राहायचे आणि उभेच असायचे.

"मिस्टर चुआ, पडा."

"पडतोय."

आणि तसेच उभे. चाळीस वर्षं ज्या माणसाने खुर्चीत पाठ टेकवली नसेल त्याला एकदम लोळ म्हणून सांगणं सोपं नव्हतं. मी पडून दाखवायची, तर ते मला सावरायला हात पुढे करायचे. मी सांगायची, मला धरू नका. ते म्हणायचे, सॉरी, सवय आहे. एवढ्या ताठ माणसाची ही सवय मला आवडली, पण तिचा शिकवणीत अडथळाच होता.

हे किती आठवडे चाललं असेल कोण जाणे. एका बुधवारी मी कंटाळून पाणी प्यायला वळले आणि मागे धडाम आवाज आला. मिस्टर चुआ गादी सोडून कोटांच्या रांगेत पडले होते. दांडा निसटला होता आणि सगळे भाड्याचे कोट त्यांच्यावर येऊन कोसळले होते. मिसेस लिम धावत आल्या. ढिगाऱ्याखालून शांत आवाज आला, "मिस सुला, हे बरोबर होतं का?"

मी कोट बाजूला केले. मुठी मिटलेल्या, कोपरं वाकलेली, हनुवटी छातीला. अगदी बरोबर होतं.

त्यानंतर त्यांना पडण्याची गोडी लागली. पुढून, मागून, कुशीवर. हा माणूस हे सगळं कशासाठी करतोय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या मापापलीकडे विचारायचं नाही, असा मिसेस लिमचा नियम होता.

ते कळलं त्यांच्या बायकोकडून. एक दिवस टॅक्सीतून उतरून, चादरीत गुंडाळलेली ती फळी कवटाळून एक बारीकशा बाई दुकानात आल्या. फुलाफुलांचा ब्लाऊज, कपाळावर घाम. फळी काउंटरवर आडवी टाकून त्यांनी विचारलं, "टीचर कोण आहे?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी माझ्या सलवार-कमीजकडे आणि टिकलीकडे पाहिलं. "मला वाटलं कुणी दांडगा गोरा असेल. हे परत घ्या. माझा नवरा साठीला आलाय. त्याची हाडं बिस्किटासारखी झालीत. तुम्ही त्याला मारणार आहात लाह."

मिसेस लिम म्हणाल्या, "वापरलेला माल परत घेत नाही." दोघी बायका एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मी खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांमधून, कॉफी आणली आणि मिसेस चुआंना खुर्ची दिली. कॉफी अर्धी झाल्यावर त्या बोलायला लागल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा डेरेक. त्याला कॅनडाला अकाउंटन्सी शिकायला पाठवलं होतं. दोन वर्षं शिकला आणि एका डोंगराळ गावात जाऊन लोकांना स्नोबोर्ड शिकवायला लागला. मिस्टर चुआंनी फोनवर सांगितलं, हे काम नाही, हा खेळ आहे, काम मिळेल तेव्हा फोन कर.

"मुलगा आमचा आज्ञाधारक," मिसेस चुआ म्हणाल्या. "त्याने फोन केलाच नाही. माझ्याशी बोलतो. मी लावते, हा सकाळी पार्कात व्यायामाला गेला की. पण बापलेक बोलत नाहीत. दोन वर्षं झाली."

"आणि आता?"

"आता निवृत्त झाला. घरी बसून विचार करतो. म्हणतो, मी जाऊन त्याला भेटतो. मी म्हटलं, जा ना, भेट, जेव, परत ये. तर म्हणतो, तिथे डोंगरावर त्याच्याशी बोलू काय? त्याच्या कामातलं मला काही कळत नाही. आधी कळू दे, मग जातो." त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "म्हणून हे."

मिसेस लिम आपल्या गल्ल्यामागे गेल्या आणि काहीतरी शोधू लागल्या. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

मला सांत्वन करायला जमत नाही. मी म्हटलं, "मिसेस चुआ, तुमचे यजमान आता चांगले पडतात."

"चांगले पडतात म्हणजे काय?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि पडून दाखवलं. पुढे एकदा, मागे एकदा. त्या कप हातात धरून बघत होत्या.

"दुखत नाही?"

"नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मलाही दाखवा. मी बरोबर जाणारच आहे. हा पडला तर उचलणार कोण?"

त्या पहिल्याच प्रयत्नात पडल्या, सहज, जणू रोज पडतात. फळी टॅक्सीतून परत घरी गेली, आणि मिसेस चुआंच्या मापाचा एक कोटही गेला.

डिसेंबरात ते दोघे निघाले. मुलाला कळवलं नव्हतं. मिस्टर चुआंचा हट्ट होता की आपण फळी घेऊन थेट त्याच्या समोर उभं राहायचं. निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानात येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. ते गेल्यावर ॲडलिन म्हणाली, "गादी म्हणजे डोंगर नव्हे, सुला." ती वाईट हेतूने बोलली नव्हती, पण माझी झोप उडाली. एसीच्या दुकानात, दोन गाद्यांवर, ज्या बाईने बर्फ पाहिला नाही तिने शिकवलेल्या विद्येवर एक साठीचा माणूस कॅनडाच्या डोंगरावर चालला होता. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे असा प्रकार झाला असता तर आधी चौकशी समिती बसली असती."

चिनी नववर्षाची सुट्टी संपल्यावर मिस्टर चुआ आले. मी आधी त्यांची मनगटं पाहिली. धड होती. तोंड उन्हाने रापलं होतं आणि डोळ्यांभोवती गॉगलचे दोन पांढरे गोल. पूर्ण बाह्यांच्या शर्टावर ते चमत्कारिक दिसत होते.

"पडलात?"

"पुष्कळ," ते म्हणाले. "सगळं तुम्ही सांगितलं तसं. फक्त गादी थंड होती."

मी खुर्ची दिली. ॲडलिनही जवळ आली. ते छत्रीच्या मुठीशी खेळत सांगू लागले.

ते दोघे त्या गावात पोहोचले, फळी काखेत घेऊन शिकवणाऱ्यांच्या खोलीत गेले. डेरेक तिथे नव्हता. कुणीतरी म्हणालं, ऑफिसात बघा. ऑफिसात गेले तर मुलगा टेबलाशी बसला होता. गळ्यात टाय, समोर हिशेबाचे कागद. आदल्या हिवाळ्यात पडून त्याचा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी फळी कायमची बंद केली. दोन वर्षं अकाउंटन्सी शिकला होता म्हणून तिथल्याच मालकांनी त्याला हिशेबाला बसवलं.

"आईलासुद्धा बोलला नव्हता?" मी विचारलं.

"नाही. मी म्हटलं होतं ना, काम मिळालं की फोन कर. आणि मिळालं ते नेमकं मला हवं होतं ते. त्याला वाटलं, मी म्हणेन, बघ, मी सांगत नव्हतो?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी तिथे फळी घेऊन उभा. किती वाक्यं पाठ केली होती मी, मिस सुला. फळी सरकायला मेण कुठलं लावतोस, पट्ट्यांचा कोन किती ठेवतोस. एकाचाही उपयोग नाही. त्याने विचारलं, पप्पा, हे काय? मी म्हटलं, मी शिकायला आलोय." त्यांनी छत्री खुर्चीला टेकवली. "मला हवं तेच झालं होतं. ऑफिस, टेबल, टाय. मला आनंद व्हायला हवा होता."

"झाला नाही?"

"मला तो टाय आवडला नाही," मिस्टर चुआ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेरेक लंगडत नवशिक्यांच्या उतारापर्यंत आला. आईशेजारी उभा राहून त्याने बापाला दिवसभर पडताना पाहिलं. मग त्याच्याच्याने राहवलं नाही, तो खालून ओरडून सांगू लागला, गुडघे वाकवा, खांदा वळवा, खाली बघू नका. बापाने जन्मात पहिल्यांदा मुलाचं सगळं ऐकलं. संध्याकाळी मुलाने विचारलं, एवढं नीट पडायला कुणी शिकवलं? मिस्टर चुआंनी सांगितलं, सिंगापुरात एका कोटांच्या दुकानातल्या इंडियन बाईंनी. ते काही त्याला खरं वाटलं नाही.

आमचा कोपरा त्यानंतर फार टिकला नाही. तो मोडला आणि मग ती फळी फॅशनमध्ये आली. डोंगरावरची बंदी उठली. मोठमोठ्या दुकानांनी चकचकीत फळ्या मांडल्या, तिथे तरुण मुलं नुसती मापं घेऊन फळी हातात द्यायची. कुणी कुणाला ढकलायचं नाही, कुणी पडायला शिकवायचं नाही. मवाल्यांच्या खेळाला प्रतिष्ठा आली तेव्हा ॲडलिन पुन्हा कॅनडाला निघून गेली होती. मिसेस लिमनी त्या जागी लहान मुलांचे कोट लावले आणि ते चांगले चालले. मुलगी गेल्यावर त्या एकदा मला म्हणाल्या, "वेड्यांचा कोपरा ठेवायला हवा होता." मलाही तसंच वाटत होतं.

कोपरा आवरत असताना, शेवटच्या आठवड्यात, मिस्टर चुआ आले. त्यांना नवे हातमोजे हवे होते, जुने फाटले होते.

"पुन्हा जाताय?" मी विचारलं.

"डिसेंबरात. दर वर्षी जायचं ठरवलंय."

"डेरेक खूश असेल."

"छे. त्याचा सक्त विरोध आहे. म्हणतो, हे वय नाही, हा काही शहाणपणा नाही, हाडं मोडून घ्याल. दर रविवारी फोन करतो आणि अर्धा तास ओरडतो."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही. ऐकतो."

मला त्या पोराची दया आली. मी म्हटलं, "मिस्टर चुआ, एकदा सांगून टाका ना त्याला, जात नाही म्हणून. त्याचाही जीव शांत होईल."

त्यांनी हातमोजे चढवले, मुठी मिटून पाहिल्या, पुन्हा उघडल्या.

"मिस सुला," ते म्हणाले, "तसं सांगितलं तर रविवारी तो फोन कशाला करेल?"